नेटवर्क डिझाइनचा वीकेंड क्लास: सर पाच स्टार, बाकी क्लास अडीच

आधीच सांगतो, क्लासचं नाव लिहिणार नाहीये. आमच्या बॅचमधल्या एकाने ऑनलाइन दोन स्टार दिले तर त्याला तीन दिवस फोन येत होते, ‘सर रिव्ह्यू काढा ना, फीमध्ये काहीतरी बघू’. मला तो ताप नको. पुण्यात आहे, कर्वे रोडच्या जवळ, तिसरा मजला, लिफ्ट आहे पण मी गेलो त्या सात शनिवार-रविवारांत ती चालू एकदाच दिसली. ओळखणारे ओळखतील.

मी चाकणला एका पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत नेटवर्क बघतो, सात वर्षं झाली. स्विच रॅकला चढवणे, व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्क) बनवणे, पोर्ट डाउन, ‘नेट स्लो आहे’ हे रोजचं. डिझाइन वगैरे आमच्याकडे व्हेंडरचा प्रीसेल्सवाला करतो, तो येतो, चहा पितो, रंगीत डायग्राम मेल करतो आणि आम्ही ते बसवतो. मागच्या वर्षी साहेब म्हणाले की दुसऱ्या शेडचं डिझाइन यावेळी तूच कर, आणि मी चक्क जुन्या शेडची कॉपी मारली. मीटिंगमध्ये फायनान्सवाल्या मॅडमनी विचारलं की इथे दोन कोअर स्विच (सगळं नेटवर्क जिथे एकत्र येतं ते मुख्य स्विच) कशाला, एकाने काय होतं, आणि मी म्हटलं ‘रिडंडन्सीसाठी’. त्या म्हणाल्या ‘म्हणजे एक बंद पडला तर किती वेळात दुसरा घेतो आणि तेवढ्या वेळात आपलं किती नुकसान होतं?’ गप्पच बसलो हो. कमांड सगळ्या पाठ आणि या साध्या प्रश्नाला उत्तर नाही. म्हणून हा क्लास.

आता कोर्स म्हणजे नेमका काय ते थोडक्यात, कारण काउन्सेलर लोक यात लई गोंधळ घालतात. सिस्को या नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीचा डिझाइनचा पेपर आहे, ईएनएसएलडी, नंबर ३००-४२०. पूर्वी सीसीडीए आणि सीसीडीपी अशी वेगळी डिझाइनची सर्टिफिकेट होती, ती २४ फेब्रुवारी २०२० ला बंद झाली आणि डिझाइन सीसीएनपी एंटरप्राइझ या सर्टिफिकेटच्या आत गेलं. म्हणजे एनकोर ३५०-४०१ हा कोअर पेपर अधिक बाकीच्यांपैकी कुठलाही एक, त्यात ईएनएसएलडी घेता येतो. नुसता ईएनएसएलडी पास झालात तर सीसीएनपी मिळत नाही, एंटरप्राइझ डिझाइनचं स्पेशालिस्ट सर्टिफिकेट मिळतं. मला फोनवर सांगितलं होतं की ‘सर हा एक पेपर दिला की तुम्ही सीसीएनपी’. साफ खोटं. पेपरची फी ३०० डॉलर, वर टॅक्स, वेळ ९० मिनिटं. कोअरचा ४०० डॉलर आणि १२० मिनिटं. क्लासची फी यात धरलेली नाही, ती मला ३२ हजार सांगितली, घासाघीस करून २७ ला तुटली. शेजारच्या पोराने २४ दिले होते हे तिसऱ्या आठवड्यात कळलं तेव्हा जेवण गेलं नाही.

सिलॅबसमध्ये ॲड्रेसिंग आणि राउटिंग २५ टक्के, कॅम्पस (एका आवारातलं नेटवर्क) २५, वॅन (लांबच्या ऑफिसांना जोडणारं) २०, क्यूओएस (कुठल्या डेटाला आधी जाऊ द्यायचं), मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पाठवणं) वगैरे नेटवर्क सर्व्हिसेस २० आणि ऑटोमेशन १०. क्लासमध्ये मात्र पहिल्या दोन भागांना सात पैकी जवळपास पाच वीकेंड गेले. त्याबद्दल मला तक्रार नाही, का ते पुढे येईल.

पहिल्या दिवशी सरांनी प्रोजेक्टर लावलाच नाही. (नंतर कळलं की तो बिघडलेला होता, पण सर म्हणाले की असाही लावला नसता.) व्हाइटबोर्डवर एक साखर कारखाना काढला. खराखुरा, म्हणजे गेट, वजनकाटा, गव्हाण (ऊस टाकतात ती जागा), मिल, बॉयलिंग हाउस, कोजन (वीजनिर्मिती), शेती ऑफिस, मेन ऑफिस, आणि बाहेर तालुक्यात पसरलेली १२ गट ऑफिसं. आणि म्हणाले, यांना नवीन नेटवर्क पाहिजे, तुम्ही डिझाइन करणार, विचारा काय विचारायचं ते. आम्ही १४ जण, सगळे टेक्निकल, लगेच सुरू, किती युजर, किती स्विच, बजेट किती, कुठल्या कंपनीचे स्विच. सर सगळ्याची उत्तरं देत बसले आणि दहा मिनिटांनी म्हणाले, हंगाम कधी आहे हे एकानेही विचारलं नाही.

मी स्वतः सांगलीकडचा, चुलते आयुष्यभर ऊस लावतात, आणि मलाही सुचलं नाही बघा. मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं, की चार-पाच महिने कारखाना चोवीस तास चालतो, त्या काळात तुम्हाला मेंटेनन्स विंडो नावाची गोष्टच नाही. हंगाम संपला की सहा-सात महिने वाट्टेल ते उखडा. म्हणजे तुमचं सगळं मायग्रेशन कधी करायचं हे पावसाळ्याच्या आधीच ठरलं. मग सरांनी विचारलं, काटा किती मिनिटं बंद चालेल? कोणी म्हणे अर्धा तास, कोणी पाच मिनिटं. तर काट्यावर रांगेत ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बैलगाड्या, ट्रक, सगळे. काट्याचं सिस्टीम पडलं की पावती निघत नाही, पावती नाही तर गाडी गव्हाणीवर जात नाही, तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजनही घटतं आणि रिकव्हरीही (उसातून निघणारी साखर), शेतकरी वेगळा चिडतो, आणि मागे मिलला ऊस कमी पडला तर ती थांबते. मेन ऑफिसात मात्र मेल अर्धा तास बंद पडलं तरी कोणाचं काही अडत नाही, उलट बरं वाटतं. म्हणजे एकाच आवारात दोन जागांना दोन वेगळी उत्तरं. काट्याला दोन स्विच, दोन फायबर, दोन वेगळ्या रस्त्याने, यूपीएस वेगळा. ऑफिसच्या मजल्याला एक स्विच आणि कपाटात एक स्पेअर. फायनान्सच्या मॅडमचा प्रश्न हाच होता की! त्या दिवशी दुपारी बाईकवर चिंचवडला जाताना माझ्या डोक्यात तेवढंच चालू.

हा साखर कारखाना मग शेवटपर्यंत राहिला. प्रत्येक टॉपिक त्याच्यावर येऊन आदळायचा आणि म्हणूनच तो लक्षात राहायचा. ॲड्रेसिंगचंच घ्या. आमच्यातल्या एकाने १२ गट ऑफिसांना मनाला येईल तसे नंबर दिले, कोणाला १०.१, कोणाला १०.५, एकाला तर १९२.१६८.१, ‘कारण तिथला राउटर तसाच येतो’. सरांनी खडू, म्हणजे मार्कर, त्याच्या हातात दिला आणि म्हणाले हेडऑफिसच्या राउटरमध्ये याचा एक समरी रूट, म्हणजे सगळ्यांची मिळून एकच ओळ, लिहून दाखव. तो पाच मिनिटं उभा. मग सरांनी १०.२०.१६.० पासून १०.२०.३१.० पर्यंतचे सोळा ब्लॉक घेतले, बारा ऑफिसांना बारा, चार पुढच्यासाठी शिल्लक, आणि बाहेर फक्त एक ओळ, १०.२०.१६.०/२०. एखाद्या ऑफिसची लिंक दिवसभर वरखाली झाली तरी बाकी नेटवर्कला त्याचा पत्ता लागत नाही. हे पुस्तकात मी चार वेळा वाचलं होतं पण समरायझेशन म्हणजे राउटिंग टेबल छोटं करणं एवढंच डोक्यात होतं, बिघाड एका जागी अडवून ठेवणं हा त्याचा खरा उपयोग आहे हे पोहोचलंच नव्हतं. मग त्यावरूनच ईआयजीआरपी या राउटिंग प्रोटोकॉलमधली क्वेरी (गेलेला रस्ता कोणाकडे आहे का ही विचारणा), एका ब्रँचकडून उत्तर आलं नाही की डिफॉल्ट तीन मिनिटं वाट बघत बसणं, आणि म्हणून ब्रँचचे राउटर स्टब करायचे म्हणजे त्यांना ती विचारणा जातच नाही, हे सगळं एका दमात झालं.

कॅम्पसच्या भागातला एसटीपीचा (स्विचमध्ये डेटा गोल फिरू नये म्हणून जादा लिंक बंद ठेवणारा प्रोटोकॉल) दिवस सगळ्यात भारी. जुन्या ८०२.१डी एसटीपीला लिंक गेल्यावर सावरायला ३० ते ५० सेकंद लागतात (पंधरा आणि पंधरा फॉरवर्ड डिले, वर कधी २० चा मॅक्स एज), रॅपिडला तेच बऱ्याचदा सेकंदाच्या आत. ठीक आहे, माहिती होतं. पण सरांनी विचारलं की तुमचा एसटीपी रूट (सगळे रस्ते ज्याच्याकडे जातात तो स्विच) डावीकडच्या डिस्ट्रिब्युशन स्विचवर (मजल्यांवरचे स्विच जिथे जोडतात तो) आणि एचएसआरपी ॲक्टिव्ह (व्हीलॅनच्या बाहेर जायचं दार) उजवीकडच्यावर असेल तर पॅकेट कसं जाईल, काढा. काढलं. पॅकेट डावीकडे चढतं, मधल्या लिंकवरून उजवीकडे जातं, मग वर, म्हणजे उगाच वळसा. मी मोबाईलवर आमच्या प्लांटचा शो कमांडचा आउटपुट उघडला (ठेवलेला असतो, सवय) आणि बघतो तर आमच्याकडे सहा व्हीलॅनमध्ये हेच चाललंय, चार वर्षं, कोणाला कळलं नाही कारण चालू होतं. सोमवारी जाऊन नीट केलं. साहेबांना सांगितलं नाही.

नंतर त्यातूनच पुढचा प्रश्न, की एवढी कसरत करण्यापेक्षा राउटिंग सरळ ॲक्सेस स्विचपर्यंत (युजर जिथे जोडतात तो) का नेत नाही, किंवा दोन डिस्ट्रिब्युशन स्विच मिळून एकच असल्यासारखे का चालवत नाही. दोन्हीचे फायदे-तोटे. राउटिंग खाली नेलं की एक व्हीलॅन चार मजल्यांवर पसरवता येत नाही, आणि आपल्याकडे नेमकी एखादी जुनी मशीन असते जिला शेजारच्या शेडमधल्या पीसीशी त्याच व्हीलॅनमध्ये बोलायचं असतं. सरांनी कुठलंही एक बरोबर असं सांगितलंच नाही. आमच्यातले दोघं यावरूनच वैतागले, ‘सर परीक्षेत काय लिहायचं ते सांगा’. असो.

हिशोबही करून घेतले. ४८ पोर्टचा एक गिगचा स्विच, वर दहा गिगच्या दोन लिंक, म्हणजे ४८ ला २०, २.४ ला १. सिस्कोचा जुना ढोबळ नियम ॲक्सेसकडून वर २० ला १ पर्यंत चालेल म्हणतो, म्हणजे आपण निवांत. पण कॅमेऱ्यांचा हिशोब आला तिथे सगळे आपटले. ट्रक यार्डात मान वळवणारे कॅमेरे, त्यांना पीओईच्या (डेटाच्या केबलमधूनच वीज) ८०२.३एएफ प्रकाराचे १५.४ वॅट पुरत नाहीत, एटीचे ३० वॅट पोर्ट पाहिजेत. स्विच २४ पोर्टचा, पीओई बजेट ३७० वॅट. किती कॅमेरे बसतील? आम्ही सगळे कोरसमध्ये चोवीस. उत्तर बारा, पूर्ण ३० वॅट घेतले तर. डेटाशीटच्या दुसऱ्या पानावर असतं ते, कोण बघतंय. आणि काटा ते ऑफिस अंतर ४०० मीटर असताना एकाने कॅट सिक्स (तांब्याची केबल) टाकली होती, शंभर मीटरची मर्यादा विसरून, त्यावर सर फक्त हसले. दोन बिल्डिंगांमध्ये तांबं नकोच, वीज पडली की दोन्हीकडची पोर्ट जळतात, फायबर टाका, हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि मी कोकणातल्या मावसभावाच्या रिसॉर्टला लगेच फोन करून सांगितलं. त्याची तीन वर्षांत दोनदा जळलीत.

आता वाईट बाजू, कारण २७ हजार झाडाला लागत नाहीत.

लॅब. जाहिरातीत ‘लाइव्ह रॅक’ लिहिलंय. रॅक आहे, काचेच्या मागे, दिवे लागतात, पण आमच्या हाताला तो लागला नाही. डिझाइनच्या कोर्सला कमांड लॅब फार लागत नाही हे मान्य, सिस्कोच्या स्वतःच्या पाच दिवसांच्या कोर्समध्येही वहीपेनचेच डिझाइनचे सराव जास्त असतात, पण मग जाहिरातीत लिहू नका ना राव. नोट्स म्हणजे दोनशे पानांची झेरॉक्स, त्यातली निम्मी जुन्या सीसीडीपीच्या काळातली, चक्क खाली त्या पेपरचा नंबर ३००-३२० छापलेला. एसडी-वॅनच्या (सॉफ्टवेअरने एका जागेवरून चालवायचं वॅन) पानांवर अजून व्हीमॅनेज, व्हीस्मार्ट, व्हीबाँड. सिस्कोने ती नावं बदलून मॅनेजर, कंट्रोलर, व्हॅलिडेटर केली, नेटवर्क चालवायच्या डीएनए सेंटर सॉफ्टवेअरचं कॅटलिस्ट सेंटर झालं, नोट्सना हे कोणी कळवलेलं नाही. नव्या माणसाला वाटेल आठ वेगळी प्रॉडक्ट आहेत.

आणि शेवटचे दोन वीकेंड सर नव्हते. त्यांना कुठलं तरी कॉर्पोरेट ट्रेनिंग लागलं आणि दुसरा एक मुलगा आला, हुशार असेल पण स्लाइड वाचायचा. मल्टिकास्ट एका तासात उरकलं. स्पार्स मोड, आरपी (पाठवणारा आणि घेणारे जिथे भेटतात तो राउटर) कुठे ठेवायचा, एनीकास्ट आरपीला एमएसडीपी का लागतो, हे सगळं ‘हे वाचून घ्या’ मध्ये गेलं. क्यूओएसला निदान आकडे मिळाले, आवाजाला एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत, जिटर (त्या उशिरातला चढउतार) ३० च्या आत, पॅकेट लॉस एक टक्क्याच्या आत, आवाजाच्या पॅकेटवरची खूण ईएफ म्हणजे डीएससीपी ४६, पण काट्यावरच्या इंटरकॉमचा किंवा कशाचा त्याच्याशी संबंध कोणी लावून दिला नाही. ऑटोमेशन तर विचारूच नका, यांग, नेटकॉन्फ, पोर्ट ८३०, टेलिमेट्री, सगळं व्याख्येपुरतं. मी ते नंतर घरी बसून केलं, तीन रात्री गेल्या.

एसडी-ॲक्सेस (आवारातलं नेटवर्क सॉफ्टवेअरने चालवायची सिस्कोची पद्धत) मात्र सरांनी स्वतः घेतलं होतं, आणि तिथे ते मला फार आवडले. लिस्प या प्रोटोकॉलला विचारायचं की हा माणूस सध्या कुठल्या स्विचवर आहे, व्हीएक्सलॅनमध्ये गुंडाळून पॅकेट तिकडे पाठवायचं, आणि कोणी कोणाशी बोलायचं ते ग्रुप टॅगवर ठरवायचं. त्यांनी ते चिटबॉयवरून (उसाच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा माणूस) समजावलं. चिटबॉय आज या गटात, उद्या त्या गटात, पण ओळखपत्र तेच, त्याला काय बघायची परवानगी आहे ते गावावर ठरत नाही. व्हीएक्सलॅनमुळे पॅकेटला ५० बाइट वाढतात, म्हणून खालच्या सगळ्या लिंकचा एमटीयू (पॅकेटची कमाल साइज) आधी वाढवा, हेही तिथेच. आणि एवढं दोन तास शिकवून झाल्यावर म्हणाले की आपल्या कारखान्याला हे लागत नाही, पंधरा-वीस स्विचसाठी एवढा डोलारा आणि लायसन्स कशाला घालता. मागच्या बाकावर क्लासचे मालक बसले होते, त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं, कारण त्यांचा पुढचा कोर्स एसडी-ॲक्सेसचाच आहे, ४५ हजारांचा.

अजून एक गोष्ट जी मला अजिबात आवडली नाही. परीक्षेच्या दहा दिवस आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर क्लासकडून एक पीडीएफ आली, ‘१००% पासिंग, फक्त हे पाठ करा’. डंप, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न. उघडून चार प्रश्न बघितले, त्यातल्या एकाचं उत्तर सरळ चुकीचं, रूट रिफ्लेक्टरच्या बाबतीत. सिस्को अशा प्रकरणात निकाल रद्द करते, बंदी घालते, आणि आपण सही करतो त्या करारात ते लिहिलेलं असतं. ज्या क्लासमध्ये एक माणूस पाच आठवडे ‘का’ विचारायला शिकवतो त्याच क्लासने हे पाठवावं? ग्रुप म्यूट केला. ‘१००% प्लेसमेंट’ म्हणजे काय तेही ऐका, तुमचा सीव्ही एका एक्सेल शीटमध्ये जातो. एवढंच.

पेपर मी क्लास संपल्यावर सव्वा महिन्याने दिला. प्रश्न सांगता येणार नाहीत, सांगणारही नाही. एवढंच की पुढच्या प्रश्नावर गेलं की मागे येता येत नाही, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी आधीच मनाची तयारी करा. आणि बरेचसे प्रश्न वाचताना असं वाटतं की चारही पर्याय चालतील, मग परत वाचलं की मध्ये एक शब्द सापडतो, बजेट कमी आहे, किंवा आयटीवाला माणूस नाही, किंवा लवकर सावरलं पाहिजे, आणि तीन पर्याय गळून पडतात. मी तिथे खुर्चीत बसून अक्षरशः ‘हंगाम कधी आहे’ असं पुटपुटलो, शेजारच्याने बघितलं. पास झालो. मल्टिकास्टवाल्या भागात मार्क कमी पडलेत, अपेक्षितच होतं. आता एनकोर, त्यातही आर्किटेक्चरला १५ टक्के आहेत, ते तरी झालं म्हणायचं.

कोणी जावं? ज्याने तीन-चार वर्षं हाताने काम केलंय त्याने. सीसीएनए (सिस्कोचं सुरुवातीचं सर्टिफिकेट) करून सरळ आलेली दोन पोरं होती, बिचारी, काट्याच्या गोष्टीला हसायची आणि ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलच्या एरियाला रडायची. सिस्कोची पूर्वअट काही नाही, कोणीही पेपर देऊ शकतो, आणि क्लासवाले हेच सांगून त्यांना घेतात. आणि फी भरायच्या आधी लेखी विचारा की हेच सर सातही वीकेंड आहेत का. नसतील तर १५ हजारांच्या वर देऊ नका, त्यापेक्षा सिस्कोच्या साइटवरचे डिझाइन गाइड फुकट आहेत, ते प्रिंट काढा. पार्किंगचे वांधे आहेत, शनिवारी पावणेदहाला पोहोचा. खालचा चहा चांगला.

एक राहिलं. वॅनच्या दिवशी मी सरांना आमचा किस्सा सांगितला होता. आमच्याकडे दोन कंपन्यांच्या दोन लीज्ड लाइन, एक प्रायमरी एक बॅकअप, डायग्राममध्ये ढगही दोन वेगळ्या रंगांचे. दोन वर्षांपूर्वी गेटबाहेर ड्रेनेजच्या कामाला जेसीबी आला आणि एका फटक्यात दोन्ही लाइन गेल्या, कारण दोघांची फायबर एकाच डक्टमधून आलेली. दिवसभर डिस्पॅचची बिलं हाताने. सर म्हणाले, मग लाइन घेताना त्यांच्याकडून रूटचा नकाशा मागितला होता का? नव्हता. आता नव्या शेडसाठी दोघांकडे लेखी मागितलाय. एकाने आठ दिवसांत दिला, चेंबरच्या नंबरासकट. दुसऱ्याचा माणूस गेले पाच आठवडे रोज म्हणतोय, सर उद्या नक्की. त्याची पीओ (खरेदीची ऑर्डर) मी अजून सोडलेली नाही, आणि यावेळी फायनान्सच्या मॅडम माझ्या बाजूला आहेत.